महाशिवरात्रीचा भात

त्या दिवसांत मी दत्ताच्या देवळात जायचो ते तक्रार करायला. पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा वाटलं होतं, आता निवांत नामस्मरण करू. पण त्याच सुमारास आमच्या हिचं ऑपरेशन झालं आणि सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी पेशंटांचे नातेवाईक पाहिले. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं. पेशंटला जेवण मिळायचं, यांना कोण देणार? चहात पाव बुडवून दिवस काढायची. ही बरी होऊन घरी आली, पण पानावर बसलो की तो व्हरांडा आठवायचा आणि घास उतरत नसे. शेवटी दत्तमहाराजांची सेवा समजून एक काम अंगावर घेतलं.

आमच्या नारायण पेठेत तेव्हा घरोघरची मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाली होती. मागे राहिलेल्या आया कणीक मात्र जुन्याच मापाने भिजवत होत्या. मी त्यांना म्हटलं, उरलंसुरलं नको, ताज्याच चार पोळ्या नि थोडी भाजी जास्त करा, मी न्यायला येतो. दिवाळीनंतर सुरुवात झाली. बायका हौसेने करू लागल्या. सुरुवातीला बरोबर दोन मित्र होते. एकाचे गुडघे गेले, दुसरा मुलाकडे अमेरिकेला गेला. उरलो मी, स्कूटर आणि पिशव्या. जिने चढून-उतरून जीव मेटाकुटीला आला. हिची जीभ अस्सल पेठेतली. म्हणायची, "अहो, गावाला जेवायला घालताय ते ठीकच आहे. कधीतरी वेळेवर घरीही जेवायला या, आम्हालाही पुण्य लागू दे."

महाशिवरात्रीच्या सकाळी मी देवळात बराच वेळ उभा राहिलो. "महाराज, आता झेपत नाही. काहीतरी कारण घडवा आणि हे थांबवा," असं मनातल्या मनात म्हणालो. त्याला प्रार्थना म्हणवत नाही, कारखान्यात रजेचा अर्ज करावा तसं ते होतं.

नेहमीप्रमाणे पिशव्या घेऊन निघालो. पहिल्याच घरी वहिनींनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, आज पोळ्या कुठल्या? घरात कॅलेंडर लावत नाही वाटतं?" मी स्वतः उपाशी होतो, पिंडीवर बेल वाहून आलो होतो, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं की आज सगळ्या पेठेत कणीक भिजणारच नाही. संकष्टी-एकादशीला घरातलं एखादं माणूस उपास धरतं, बाकीच्यांसाठी पोळ्या होतातच. महाशिवरात्रीला मात्र पोरंटोरंसुद्धा उपासाला बसतात. दारोदार साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, केळी असं थोडं थोडं मिळालं. सगळं मिळून एका पिशवीचा तळ झाकला गेला असेल. मनाशी म्हटलं, घ्या, मागितलं ते मिळालं. पण बरं काही वाटेना. माझ्या भरवशावर त्या माणसांनी सकाळचा पावही घेतला नसेल, हे मला ठाऊक होतं.

रुग्णालयात पोहोचलो तेव्हा सगळे ओळीने बसले होते. पिशवी खाली ठेवून मी पायरीवरच बसलो. पाय दुखत होते आणि लाज वाटत होती. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. माझ्याच वयाच्या एक बाई उतरल्या आणि रिक्षावाल्याच्या मदतीने त्यांनी भाताचं मोठं पातेलं नि वरणाची बादली खाली घेतली. "इथे रोज जेवण देतात ते कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच. पण आज आमच्याकडे सगळ्यांचे उपास. काहीच आणता आलं नाही."

"माझा भाऊ काल बरा होऊन घरी गेला," त्या म्हणाल्या. "त्याच्यापाशी वहिनी राहिली होती. तुमच्याच पोळ्या खाऊन राहिली ती. आज मला ऑफिसला सुट्टी, म्हटलं आज आपण घालू." मग किंचित हसल्या. "आम्ही बौद्ध. आमच्याकडे आज उपास नसतो. असं करा दादा, तुमचे उपासाचे दिवस आमच्या वस्तीला देऊन टाका."

"बरं," म्हणत मी पातेल्याचं झाकण काढलं. आम्ही दोघांनी मिळून वाढलं. भात गरम होता, सगळ्यांना पोटभर पुरला. लोणी काळभोरकडची एक म्हातारी नातवाच्या उशाशी राहायला आलेली होती. ती मघापासून माझ्याकडे बघत होती. मी जवळ गेलो तसा तिने माझा हात धरला. "तुमी जेवला न्हाई. त्वांड बघा की कसं वाळलंय. बसा हितं, माझ्या पत्रावळीवर लई हाय." आज माझा उपास आहे असं सांगायला मी तोंड उघडलं आणि रडूच आलं. लहानपणापासून कधी न मोडलेला उपास मी तिच्या पत्रावळीवरच्या वरणभाताने मोडला.

पुढे प्रत्येक उपासाच्या दिवशी त्या वस्तीतून पातेली आली आणि एरवी जिने चढायला तिथलीच माणसंही आली. थकवा गेला असं खोटं सांगणार नाही, गुडघे आजही कुरकुरतात. पण हे सगळं मीच चालवतो आहे, या समजुतीचं ओझं त्या दुपारी उतरलं. मी थांबवा म्हणालो होतो. महाराजांनी मला जरा बाजूला बसवलं आणि आपलं काम पुढे चालू ठेवलं. महाशिवरात्रीला आता मी घरी उपास धरत नाही. व्हरांड्यात सगळ्यांच्या ओळीत बसतो, आणि वाढणारा हात कोणाचा आहे हे न विचारता, नमस्कार करून पहिला घास घेतो.