मानकरी कोनाले म्हनावं

"बाई, आधी उष्ट्या पत्रावळी उचल. मंग तुले वाढतो."

मालगुजाराचा कारभारी माझ्या बायकोले, बुधाबाईले, भर गावासमोर म्हणाला. तिकडं मांडवात मालगुजाराच्या पोराले फेटा बांधून राह्यले होते. त्यानं तलाव वाचवला म्हणे. गावाचा मानकरी म्हणे.

त्या पावसात पोरगा तलावाच्या पाळीवर, बांधावर, छत्री धरून उभा होता. तलावाचं पानी सोडायचं दार, आम्ही तुडूम म्हणतो, ते फुटलं होतं. पाळ गेली असती तर खालचं धान गेलं असतं. आमची ढिवरांची वस्तीही. बुडी मारन्यात बुधाबाईचा दम माझ्याहून मोठा. ती उतरली. गोणपाट, फांद्या, चिखल, सारं छातीनं दाबून धरलं. धार थांबली. वर आली तवा ओठ काळे पडले होते.

मालगुजारी सरकारनं कधीच काढली होती. मालक मालकच राह्यला.

मी मांडवात गेलो. इचारलं, "मालक, मानकरी म्हंजे कोन?"

"राजाच्या वक्तापासून आमच्या घराण्याला मान आहे. ज्याच्या घरी मान, तो मानकरी. तू जा, मासे पकड!"

लोक हसले. आमचेही हसले.

आमच्या वस्तीत म्हातारे निराळं सांगत. गावासाठी जो जीव पान्यात घालते, त्याले पाटावर बसवायचं. डोक्याले जांभळीचा पाला बांधायचा. त्याच्या आधी कोनी घास घ्यायचा नाई. तो मानकरी. मान कामाचा, त्या मानसापुरता. पोराले वारशात भेटत नाई.

मी बुधाबाईच्या हातातल्या पत्रावळी खाली टाकल्या.

"हे उचलनार नाई. जेवनारही नाई."

"माजला का बे?" कारभारी वरडला.

उपाशी निघालो. वाटेत ती म्हणाली, "भाताचा वास मोठा चांगला येत होता." हसली. मंग खोकली. तो खोकला थांबलाच नाई. धान कापायच्या आत ती गेली.

अजून तलाव भरला का तुडुमात पानी घुमते. मले तिचा दम ऐकू येते. आत घेतलेला. बाहेर सोडतच नाई ती.

आता आमच्या मच्छीमार सोसायटीची पोरं घरी येतात. "बुढेबाबा, यंदाचे मानकरी तुम्ही. शाल देतो." पान्यात मी नव्हतो. तो फेटेवाला अजून जिता आहे. त्यानं भर सभेत उभं राहून बुधाबाईचं नाव घ्यावं. तोवर माझ्या अंगावर शाल टाकाल, तर तिथंच फाडीन.