मखमलीची उलटी लव

वहिनी पडदे कापायची आणि तिची नणंद ते शिवायची. दुकान एवढंसं. पुढं कापायचं टेबल, मागं मशीन, मधून जायचं तर पोट आत ओढून जावं लागायचं. नणंदेला सगळे एक्सप्रेस म्हणायचे, कारण एकदा मशीनवर बसली की मधे कुठं थांबायचं नावच नाही. तोंडाचंही तेच.

वहिनीची तऱ्हाच वेगळी. गिऱ्हाईकाच्या कापडातला वीतभर तुकडा उरला तरी ती नीट घडी करून परत द्यायची. लोक वैतागायचे. एक बाई तर म्हणाली, "अहो, मी याचं करू काय? बाहुलीला फ्रॉक शिवू?"

"शिवा की. कापड तुमचंच आहे," वहिनी म्हणाली.

उपदेश वगैरे ती कुणाला द्यायची नाही. कापायला घेतलं की कात्री हातात धरून जरा डोळे मिटायची, येशूचं नाव घ्यायची आणि लागायची कामाला. रविवारी चर्चमधे बसणारी बाई एक आणि सोमवारी टेबलाशी उभी राहणारी दुसरी, असलं काही तिच्याकडं नव्हतं.

वर्षभर दुकानात नुसती फुटकळ कामं चालली होती. उशांचे अभ्रे, चेन बदलणं, कुणाचा पडदा लांब झालाय तो दुमडून देणं. मग एका हॉटेलच्या मोठ्या हॉलचं काम आलं. गडद हिरवी मखमल, छतापासून जमिनीपर्यंत. मॅनेजर म्हणाला होता, "हे चांगलं झालं तर वरच्या सगळ्या खोल्यांचे पडदे तुम्हीच करायचे." तेव्हापासून एक्सप्रेस शेजारच्या दुकानदारांशी अशी बोलायची, जणू हॉटेल हिच्याच नावावर आहे.

पडदे टांगून झाले. मॅनेजर लांब उभा राहून बघत होता. "झकास! आता जेवून घ्या, मग खोल्यांची मापं घेऊ," म्हणाला आणि ऑफिसात गेला.

मखमलीला लव असते, मांजराच्या अंगावर असते तशी. एका दिशेनं हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर खरखरते. सगळे पडदे एकाच दिशेनं लागले तर रंग एकसारखा दिसतो. एखादा उलटा लागला तर उजेडात तेवढाच वेगळा पडतो. म्हणून वहिनी कापल्यावर वरचं टोक वर येईल अशीच घडी घालायची, आणि एक्सप्रेस न बघता त्या टोकाला वरची पट्टी शिवून टाकायची.

वेटरनं कडेचे दिवे लावले आणि वहिनी जागच्या जागी थांबली. खिडकीजवळचा पडदा जरा काळपट. तिनं जाऊन हात फिरवला. उलटा.

"घडीच उलटी घातली गं मी," ती म्हणाली. "आईचा फोन आला होता बघ, बोलता बोलता..."

"चल. शिडी उचल."

"अगं पण..."

"वहिनी, चल म्हणते ना! मॅनेजरला दिसलं का? नाही. इथं लोक जेवायला येतात, पडद्याला टक लावून बसत नाहीत. कुणाला दिसणारे?"

"मला दिसला."

"मग डोळे मीट! कापताना मिटतेस ना? नाहीतर आपणच गुपचूप उसवून सुलटा लावू."

"मखमल उसवली की सुईचे टोचे तसेच राहतात. नवीनच कापावा लागेल, आपल्या खर्चानं."

"आणि खोल्या? काम गेलं तर परत चेन बदलत बसायचं. तुझ्या देवाला मखमलीतलं कळतं तरी का?"

"डोक्यावरचे केस मोजतो तो. लव कशाला सोडेल?"

वहिनी बोलली खरी. पण खोल्या तिलाही हव्याच होत्या. कुठल्या खोलीला कसलं कापड शोभेल, तेसुद्धा मनात ठरवून ठेवलं होतं. ती तशीच ऑफिसात गेली आणि मॅनेजरला घेऊन आली.

मॅनेजर इकडून बघ, तिकडून बघ. "कुठं काय? मला सगळे सारखेच दिसतात."

"हात फिरवा. आता शेजारच्यावर फिरवा."

त्यानं फिरवला. मग मागं सरकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कशाला सांगितलंत हो? आता मला तेवढा एकच दिसायला लागला! कुणी केलं हे?"

"मी!" एक्सप्रेस पुढं आली. "मीच उलटा शिवला. वहिनीला काही बोलायचं नाही."

"ती खोटं बोलतेय," वहिनी म्हणाली. "घडी मी चुकवली, तिनं बरोबर शिवलं. नवीन पडदा आम्ही करून देतो, तुम्हाला काही द्यायचं नाही."

एक्सप्रेसनं वहिनीकडं असं पाहिलं, की कच्ची खाईल. मॅनेजर दोघींकडं बघून हसला, पण खोल्यांचं नाव काढलं नाही. मालकांना विचारून सांगतो, एवढंच म्हणाला.

नवीन पडदा लागला तेव्हा त्यानं सगळ्यांवर हात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "पहिला मजला तुमचा. बाकीचे मालकांनी दुसऱ्याला दिले. तो म्हणतो, त्याच्या हातून चूकच होत नाही."

"त्याच्या पडद्यांवरही असाच हात फिरवा!" एक्सप्रेस कडाडली. "आमच्या वहिनीचं चुकलं तर तीच येऊन सांगते. त्याचं चुकलं तर तुम्हालाच शोधत बसावं लागेल!"

"बास कर, मापं घे," वहिनी म्हणाली.

पहिला मजला तर पहिला मजला. वहिनी खुशीत होती. दुकानात परतल्यावर तिनं प्रत्येक तुकड्याच्या मागं खडूनं मोठा बाण काढायला सुरुवात केली. एक्सप्रेस तोंड फुगवून मशीनवर बसली, पण प्रत्येक बाण दोनदा बघून मगच शिवू लागली. त्या दिवशी तिला कुणी एक्सप्रेस म्हणालं नसतं.