शैलाताईंचे रविवार

दिग्रसच्या स्टँडवर मी पुसदच्या गाडीची वाट पाहत उभी होते, तेव्हा शैलाताईंच्या भाच्याचा फोन आला. "मावशी गेली. चहा ठेवला, खुर्चीत बसली, अन् तशीच गेली." मी त्याला भलतंच विचारलं, "खुर्चीत बसल्या होत्या?" त्याला काय सांगणार... इतक्या वर्षांच्या ओळखीत शैलाताईंना निवांत बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

आम्ही एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होतो. शैलाताई वॉर्डात नर्स, मी औषधांच्या खिडकीवर. कापसानं सगळ्यांची झोप उडवलेली ती वर्षं. फवारणीचं औषध प्यायलेल्या माणसांना जीपमधून, कधी मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून आणत. नाकातून नळी घालून पोट धुवायचं काम शैलाताईंचं. तेव्हा त्या खाटेजवळून हलत नसत. पण ड्युटी संपली की त्यांना एका जागी राहवत नसे. क्वार्टरच्या व्हरांड्यात फेऱ्या घालत, काही घ्यायचं नसताना बाजारातून चक्कर मारून येत. एकट्याच राहत, त्यामुळे थांबवणारं कोणी नव्हतं. दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "दोन दिवस सुट्टी आहे ना तुले? चाल, डोंगरात जाऊ. मले इथं बसवत नाही."

माझा भाऊ तेव्हा पैनगंगेच्या पल्याड, किनवटच्या बाजूला वनरक्षक होता. त्याच्या क्वार्टरवर आम्ही उतरलो. शनिवारी पहिला डोंगर चढलो. साडीचा काष्टा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि साग-धावड्याच्या रानातून शैलाताई अशा चालत होत्या, की जणू मागे कोणी लागलं असावं. मी धापा टाकत माथ्यावर पोचले, तर त्या पाण्याचा घोट घेऊन उतरायला निघालेल्या. "आताच तर आलो, ताई," मी म्हटलं. "पाहून झालं न," त्या म्हणाल्या.

रविवारी भावानं डोहांची वाट दाखवली. आपल्याकडे सगळा काळा दगड. तिथं मात्र करडा-गुलाबी ग्रॅनाइट, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यात एकाखाली एक डोह. भाऊ कामाला गेला. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. शैलाताई पाण्याकडे पाहतच बोलायला लागल्या. "मागच्या महिन्यात त्या पोराले वाचवलं होतं ना आपण... मीच गेटपर्यंत सोडाले गेलती. म्हटलं, जा बापू, आता बरा झालास. मंगळवारी पुन्हा आणला. या टायमाले नाही वाचला." थोड्या वेळानं त्या उठल्या. "तू इथंच थांब. मी वर जाऊन येतो."

समोरच्या शिखराची वाट झाडीत शिरत होती. त्या दिसेनाशा झाल्या. अर्धा तास गेला, तास गेला. मी डोहाच्या काठानं येरझारा घालू लागले. आधी वाट चुकल्या असतील असं वाटलं. मग जे वाटलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चप्पल तिथंच टाकून मी वाटेला लागले, हाका मारत सुटले. ऊन कलल्यावर त्या वरून येताना दिसल्या. हात काट्यांनी ओरबाडलेले. माझा चेहरा पाहून थबकल्या. "काहून रडून राह्यली? बसली होती वर. तिथून गावं दिसतात... लई गावं आहेत."

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "रविवारी येतेस?" माझ्या पोटऱ्या अजून ठणकत होत्या. पुन्हा डोंगर असणार, असं समजून मी नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं त्या एकट्याच जात राहिल्या, निवृत्त झाल्यावरही. आम्ही सगळे म्हणायचो, बाईंना डोंगराचं वेड लागलं.

तेराव्याला धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ आले. नाव महादेवराव. शैलाताईंच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, मग माझ्याजवळ येऊन बसले. "मी तुमच्या दवाखान्यातूनच वाचून आलतो. पंधरा दिवसांनी बाई घरी आल्या. मले वाटलं, तपासाले आल्या. पण त्यांनी काहीच इचारलं नाही. च्या पेल्या. निंगताना म्हणाल्या, पुढच्या महिन्यात येतो, घरी राहजा." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "मंग दर महिन्याले, रविवारी. आमच्या इकडं अशी आणखी चार-पाच घरं आहेत. बाई येणार म्हणून... घरी राहा लागे."

परवाच्या रविवारी मी महादेवरावांच्या गावी गेले. अंगणात कापसाचा ढीग होता. त्यांच्या पत्नीनं चहा आणला. कपाच्या काठावर निळी रेघ होती. "हा बाईचा कप. दुसऱ्या कोनाले देत नव्हतो," त्या म्हणाल्या. मी कप घेतला आणि उभीच राहिले. परतीच्या गाडीची वेळ आठवत राहिले. महादेवराव दाराशी टेकून माझ्याकडे पाहत होते.

"बसा न," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "बाईबी पयल्या दिवशी अशाच उभ्या होत्या."

मी बसले. चहा सावकाश संपवला. निघताना माझ्या तोंडून आपोआप आलं, "पुढच्या महिन्यात येते. घरी राहा."