माईंचा अर्ज

माझ्या सासूबाईंनी मला माझा नवरा शिकवला. सुनेला स्वयंपाक शिकवणाऱ्या सासवा पुष्कळ असतात. माईंनी मात्र आपला मुलगाच मला रोज थोडा थोडा करून शिकवला. तशी वेळच आली होती. अरविंद इंग्लंडात, लेस्टरला, एका इस्पितळाच्या एक्स-रे खात्यात नोकरीला होता. महिन्याची रजा काढून आला, मुलगी पाहिली, लग्न केलं आणि लग्नानंतर एकोणीस दिवसांनी परत गेला. मी हातखंब्याजवळच्या खेड्यातली, नुकती बी.ए. झालेली. एकोणीस दिवसांत, त्यातही अर्धे पाहुण्यांच्या गर्दीत, मला तो काय कळणार?

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. नवऱ्याकडे जायचं तर मुंबईला वकिलातीत मुलाखत द्यावी लागे. साहेब नवऱ्याबद्दल बारीकसारीक विचारतो, उत्तरं चुकली तर लग्न खोटं ठरवतात, असं कोणीतरी माईंच्या कानावर घातलं. झालं, त्या दिवसापासून शिरगावच्या आमच्या घरात माझी शाळा सुरू झाली. तांदूळ निवडताना, आमसुलं उन्हात पसरताना, विहिरीवर, कुठेही माई एकदम विचारत, "अगो, अरविंदाच्या गुडघ्याला खूण कसली?" मी म्हणायची, "सातव्या वर्षी दगडी गडग्यावरून पडला. डावा गुडघा." "चहा कसा पितो?" "निवल्यावर." "पपई?" "वासही नको." उत्तर चुकलं की माई सूप खाली ठेवत. "नवरा कुणाचा, तुझा की माझा? नीट ध्यानात ठेव." मग स्वतःच हसत.

मुलाखतीला त्या माझ्याबरोबर एस.टी.ने मुंबईला आल्या. आत एकटीलाच सोडत होते. दोन तासांनी मी बाहेर आले तर माई समोरच्या फुटपाथवर भर उन्हात छत्री धरून उभ्या. बसायला कठडा होता, पण आपण बसलो आणि मी दिसले नाही तर, म्हणून उभ्याच. "काय काय विचारलंन् गो?" मी सांगितलं: वडील कधी वारले, त्याला कुणी वाढवलं, त्याचे मित्र कोण. सगळं नीट आलं होतं. "आणि गुडघ्याची खूण?" "ती नाही विचारली." माई हिरमुसल्या. "एवढी चांगली खूण, आणि विचारली नाहीन् मेल्यानं!"

चौदा महिन्यांनी परवाना आला आणि मी लेस्टरला गेले. अरविंदला पहिल्याच दिवशी निवलेला चहा दिला तेव्हा तो चकित झाला. "तुला कसं कळलं?" मी नुसती हसले. माईंचं नाव घ्यायचं राहिलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी ते घेतलं नाही.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला आणि बाळंतपणाला माई सहा महिन्यांसाठी आल्या. विमानतळावर त्यांना बघून मला आनंद झाला हे खरं, आणि आजूबाजूचे लोक बघताहेत हेही लगेच जाणवलं. नऊवारी लुगडं, त्यावर अरविंदचा जुना कोट, पायांत लोकरी मोजे आणि चपला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बरोबर आणलेले सुके बांगडे खोली उबदार ठेवणाऱ्या गरम नळ्यांवर मांडले. "हवा ओली आहे, बुरशी येईल." वास रस्त्यापर्यंत गेला. मी खिडक्या उघडत आणि शेजाऱ्यांची क्षमा मागत फिरले. शेजारच्या इंग्रज म्हातारीशी मात्र त्यांची आठवडाभरात गट्टी जमली. ती इंग्रजीत बोले, ह्या मराठीत, आणि दोघींना सगळं समजे. मला त्याचाही राग यायचा.

मला सगळ्यात जड जाई ते जेवताना. मी भाजी वाढली की माई हळूच म्हणत, "त्याला फोडी बारीक लागतात हो." त्यात टोचणी नव्हती. पण जिनं मला नवरा शिकवला ती समोर बसली की मी कायम विद्यार्थिनी राहणार, असं मला वाटायचं. त्या घरात मला एकटीला सगळं येत असायला हवं होतं.

एकदा अरविंदच्या खात्यातले मोठे डॉक्टर आणि त्यांची बायको चहाला यायचे होते. मी माईंना म्हटलं, "माई, तुम्ही बाळाला घेऊन जरा वर बसता का? इथे त्याला झोप लागायची नाही." माईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि "बसते हो" म्हणून त्या जिना चढून गेल्या. पाहुणे आल्यावर वरून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. डॉक्टरांच्या बायकोने विचारलं, वर कोण आहे? अरविंद स्वयंपाकघरात होता. मी म्हटलं, "बाळ सांभाळायला एक बाई ठेवली आहे." किती सहज म्हटलं!

परत जाताना विमानतळावर माईंनी माझा हात धरला. आयुष्यात त्यांनी काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं. "एक सांगू? तिथं आता घर खायला उठतं. जमत असेल तर मला इथं कायमची घे. कोपऱ्यात राहीन. पोराला बघीन." अरविंदचे डोळे भरून आले. "आई, मी घरी गेल्या गेल्या कागद मागवतो," तो म्हणाला.

कागद आले. माईंनी मुंबईला अर्ज द्यायचा आणि त्यासोबत जोडायचं निवेदन आम्ही इथून पाठवायचं. त्यात एक प्रश्न होता: आईची काळजी घेणारं जवळचं कुणी भारतात आहे का? खरं उत्तर 'नाही' होतं. अरविंदचा चुलतभाऊ सुधीर त्याच अंगणात राहायचा, पण कागदावरच. तो बोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने समुद्रावर, आणि बायकामुलं नाटे गावी सासुरवाडीत. मी लिहिलं: "होय. सख्खा पुतण्या सुधीर शेजारीच राहतो व तो काळजी घेतो." लिहिलं आणि पुढचा रकाना भरायला घेतला. अरविंद कामावर निघाला होता. "तू भरलंस ना? मग झालं," म्हणत त्याने न वाचता सही केली.

माईंचा अर्ज नामंजूर झाला. समोर जे लिहून आलं त्यावरून वकिलातीतल्या साहेबांनी निर्णय दिला. त्यांचं काही चुकलं नाही. मग माईंचं पत्र आलं, चौथी शिकलेल्या बाईच्या मोठ्या, गोल अक्षरात. "सायबाचा कायदा आहे, त्याला आपण काय करणार? अरविंदा, तू जिवाला लावून घेऊ नको. सूनबाईनं मेहनतीनं कागद केले, तिला कुणी बोलू नये. माझं इथं बरं चाललंय."

बरं चाललेलं नव्हतं. दशक संपता संपता त्या गेल्या. ताप होता, तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी मासे घेऊन येणारी बाई हाका मारून थकली, तेव्हा तिने माणसं गोळा केली.

आम्ही पोचलो ते दिवसकार्यालाच. सुधीर तेव्हा सुटीवर आलेला होता. तेरावं झाल्यावर दुपारी पडवीत आम्ही दोघंच होतो, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, एक विचारू? तो नामंजुरीचा कागद आला तेव्हा मी घरी होतो. इंग्रजी म्हणून काकीनं मलाच वाचायला दिलान्. त्यात माझं नाव होतं, मी काळजी घेतो म्हणून. मी म्हटलं, काकी, हे कुणी लिहिलं?"

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"काकीनं कागद परत घेतलान्. मग म्हणाली, अरविंदाला कळवू नको. त्या दोघांना तिथं एकमेकांशिवाय कोण आहे?"

सुधीरच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पत्र लिहिताना माईंना सगळं माहीत होतं. मला कुणी बोलू नये हे त्यांनी मला ओळखून लिहिलं होतं.

संध्याकाळी मी अरविंदला सांगितलं. निवेदनाचं सांगितलं, वर बसवल्याचं सांगितलं, 'ठेवलेल्या बाई'चंही. तो पायरीवर बसून ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?" मी "हो" म्हटलं. तो उठला आणि आत जाऊन माईंचे कपडे घड्या घालून ठेवू लागला. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाला, "राहू दे. मी करतो."

तो त्यावरून मला कधी टाकून बोलला नाही, आजतागायत नाही. पण परत गेल्यापासून घरात कुठलाही सरकारी कागद आला की तो स्वतः टेबलाशी बसून भरतो, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचतो, आणि मगच सही करतो.