जित्या माणसाची घागर

गाडी कापसाच्या गाठोड्यांनी शिगोशीग भरली होती आणि आम्ही दोघं भाऊ वर बसलो होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. माय अंगणाच्या कडेला उभी राहून म्हणाली, "दोघं चालले, दोघंच या. एकट्यानं माह्या दारात पाय ठेवू नोका." वयनीनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं, आणि दादाशी सगळ्यांदेखत बोलता येत नव्हतं म्हणून मलाच चिडवलं, "भावजी, शयरात मिशीले तूप लावसान अन् गावाले इसरसान." मला तेव्हा मिशी नव्हती. दादा मोठ्यानं हसला. ती हसू दाबत घरात पळाली. दादानं तिला तशी, कुंकू लावलेली, पुन्हा कधी पाहिली नाही.

अंजनगावाकडच्या माझ्या चुलत पुतण्यांनो, त्या घरात तुम्ही राहता. सोनाजी काका, म्हणजे माझा दादा, अमरावतीला महामारीत मेले, असं तुम्हाला सांगितलेलं आहे. ते मी सांगितलं आहे. ते खोटं आहे.

सातासमुद्रापार कुठंतरी लढाई लागली होती आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा शहराबाहेरपर्यंत लागत. आम्हाला रुई तुडवण्याचं काम मिळालं. मोठा बोरा टांगायचा, त्यात माणसानं उतरायचं, वरून रुई पडत राहायची आणि ती पायांनी दाबत दाबत वर यायचं. संध्याकाळी थुंकलं तर थुंकीत रुईचे धागे निघत. आता अकोल्यात वाफेवरचे कारखाने आहेत, भोंगा वाजला की लोक आत जातात. तेव्हा आमचे पायच कारखाना होते.

चैत्रात महामारी आली. मी बोऱ्यात उभा असतानाच पोट धरून बसलो. मुकादमानं मला बाहेर काढायलाही कोणी माणूस दिला नाही. दादानं बोरा फाडला. गावाकडची माणसं होती, ती गाड्या जुंपून निघून गेली. दादानं मला पाठीवर घेतलं आणि पाद्रीसाहेबांच्या पडवीत नेऊन टाकलं, कारण दुसरीकडं कुठं दार उघडेना.

तिथं याकोब नावाचा माणूस होता. ज्याच्या हातचं पाणी आमच्या गावात कोणी घेतलं नसतं, अशा घरातला. त्यानं माझी घाण काढली, अंग पुसलं आणि मिठाचं पाणी चमच्यानं पाजत राहिला. मधूनच डोळे मिटून पुटपुटायचा. दादानं विचारलं, "कोनाले बोलावून राहिला?" तो म्हणाला, "येशूले. ज्याले कोनी शिवत नाही त्याले तो शिवते." मग दादाही याकोबच्या बाजूला बसून दुसऱ्यांची घाण काढू लागला. मी डोळे उघडले तेव्हा दादाचा चेहरा वेगळा होता. आजही मला तो नीट सांगता येत नाही. ओझं उतरवलेल्या बैलाची मान कशी हलकी होते, तसं काहीसं.

मी चालू लागलो तेव्हा तो म्हणाला, "किसना, येत्या रविवारी मी बाप्तिस्मा घेतो. तू वाचला तो माह्या डोयासमोर. मंग मीच काहून मागं राहू?"

मी त्याच पाण्यानं वाचलो आणि त्याच पाण्याला भ्यालो. दादा ख्रिस्ती झाला हे कळलं की गाव विहीर बंद करणार, आणि पुढचा प्रश्न मला विचारणार, की तुला पाणी कोणी पाजलं? मी न सांगता निघालो. मायच्या दारात एकटाच उभा राहिलो. तिनं माझ्या मागं पाहिलं. मी म्हणालो, "मरीनं नेलं. तिथंच माती दिली."

वयनीच्या बांगड्या उंबऱ्यावर फुटल्या. मी पाहत होतो. तेव्हाही एक शब्द पुरे होता.

वैशाखात आखजी आली, पितरांची अक्षय तृतीया. दादाच्या नावानं नवी घागर भरली, पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाला, पितराचं पान वाढलं. तेवढ्यात मला शेताच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली कोणी उभं दिसलं. मी पान उचललं, "कावळ्याले ठेवून येतो," म्हणालो आणि धावलो.

दादा होता. चालत आला होता, पाय फुटलेले. "काहून घाबरतं रे? भूत नाही मी. आज कोनाची घागर भरली?"

"तुही," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

तो खाली बसला. बराच वेळ त्यानं माती चाळवली. मग माझ्या हातातल्या पानाकडं पाहून म्हणाला, "आन मंग इकडं. मेलेल्यानं उपाशी काहून राहावं?" त्यानं डोळे मिटून येशूचे आभार मानले आणि स्वतःच्याच नावाचं पितराचं पान जेवला. पोळीचे काठ लहानपणापासून टाकायचा, तसे पानाच्या कडेला ओळीनं लावून ठेवले.

उठताना म्हणाला, "मी घरात आलो तं तुले गाव जगू देनार नाही. म्हून नाही येत. पन तिले सांग, मी जिता हाय. अकोल्याले पाद्रीसायबाच्या दवाखान्यात राहीन. तिची मर्जी असन तं ये म्हना. नसन तं माहं काई म्हननं नाही."

मी हो म्हणालो.

दुपारी वयनी निंबाखाली गेली आणि ते पान घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली. "भावजी, ते कुठी रायतात आता?"

"कोन?" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी चाळीस वर्षांहून अधिक वागवतो आहे. मग पान जपून दुमडत ती म्हणाली, "काई नाही. कावळा ओळखीचा वाटला, म्हून ईचारलं." पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. दर आखजीला नवी घागर मात्र ती स्वतः आणायची, आणि कुंभाराकडं बोटानं वाजवून वाजवून पाहायची.

वयनी वारली त्या वर्षी मी अकोल्याला आलो. दादा दवाखान्याच्या ओसरीवर एका म्हातारीचे पाय धूत होता. केस पांढरे. मला पाहताच उठून म्हणाला, "ती आली?" इतक्या वर्षांनी पहिला शब्द तो. मी तिथंच सगळं ओकलो. निरोप दिला नाही, तिनं विचारलं तेव्हा बोललो नाही, आणि आता ती नाही.

दादा आत गेला. मला वाटलं, आता येत नाही. तो तांब्या घेऊन आला. "पी," म्हणाला. "उन्हातून आला."

येशूनं आंधळ्याला डोळे दिले हे मी पुष्कळ रविवारी ऐकलं आहे. मला बरं केलं ते त्या तांब्यानं, आणि ते बरं होणं फार दुखलं. त्याच्या एका शिष्यानं ऐन वेळी "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं होतं, हे वाचून दाखवतात तेव्हा मी देवळात मान खाली घालून बसतो. माझाही बाप्तिस्मा झाला. शेवटची वर्षं दादाचं अंग मी पुसलं. आता मी त्याच्या कबरीशेजारच्या खोलीत राहतो. आगगाडीनं बडनेऱ्यापर्यंत सहज येता येतं, तिथून गाव लांब नाही. पण मायनं एकट्याला दार नाकारलं होतं, आणि एकदा मी ते खोटं बोलून उघडून घेतलं. आता दादा आहे तेच घर.

तुम्हाला एवढंच मागतो. मला वाळीत टाका, माझ्या नावानं काही करू नका. दादाच्या नावाची घागर बंद करा. त्याला ती कधीच लागत नव्हती. पण आखजीला वयनीची भराल, तेव्हा त्या घागरीला कुंकवाचं बोट लावा. पांढऱ्या कपाळानं आपण तिला जाळलं. तिचा नवरा तेव्हा जिवंत होता आणि वाट पाहत होता. वयनी सवाशीण गेली.