पोरीच्या लग्नातली मेंढी

सिदू गेल्याचा फोन साताऱ्याहून त्याच्या मेव्हण्याने केला. मी म्हणालो, "बरं." फोन ठेवला आणि समोरचं काम पुरं केलं. आता रडू येईल, मग येईल, असं वाटत राहिलं... महिना उलटून गेला, अजून आलेलं नाही. जेवतो, झोपतो, सगळं जागच्या जागी आहे.

सिदू मूळचा म्हसवडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. माधवनगरला एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी प्रोग्रॅमिंगचा धंदा मांडला. त्यात पोट भरलं आणि भांडणंही पोटभर झाली. एकदा मेंढ्यांच्या लसीकरणाच्या जुन्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये आणायचं काम आलं. वयाच्या रकान्यात आकडा हवा, आणि तिथे लोकांनी लिहिलेलं "चारदाती", "जुळलेली". तिकडे मेंढीचं वय दातांवरून सांगतात; जुळलेली म्हणजे सगळे दात आलेली. अक्षरांचा आकडा झाला नाही, की जुना प्रोग्रॅम चूक गिळायचा आणि गुपचूप शून्य टाकायचा. शून्य वय म्हणजे आत्ता जन्मलेलं कोकरू, म्हणून लसीच्या यादीतून बाद! अख्खे कळप असे सुटत होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

हे सिदूच्याच ध्यानात आलं. त्याने दातांचा हिशेब प्रोग्रॅममध्ये घातला आणि वर एक नियम केला. एवढं करूनही आकडा झाला नाही तर अंदाज बांधायचा नाही, ती नोंद बाजूला ठेवायची, बाकीचं काम चालू द्यायचं आणि माणसाला विचारायचं. एका मेंढीचं वय लिहिलं होतं, "पोरीच्या लग्नातली". मी हसत सुटलो. त्याने सरळ मालकाला फोन लावला.

"आवं मामा, लगीन कवा झालं पोरीचं?"

पलीकडून लग्नाची सगळी कथा आली, जावयाच्या गाऱ्हाण्यांसकट. अर्ध्या तासाने त्यातून मेंढीचं वय निघालं...

"कळलं न्हाई तर न्हाई म्हणावं, गड्या," तो मला म्हणाला. "शून्य कशापायी?"

असा चिवट माणूस. त्याचा राग यायचा मला, आणि तो फार आवडायचाही.

गेल्या आठवड्यात नव्या नोंदी आल्या. लसीची गाडी सकाळीच निघणार होती. बाजूला एकच नोंद पडली, त्याच मामांच्या कळपातली. या खेपेला फोन मी लावला.

"सिदूभाऊ न्हाईत व्हय आज?"

"नाहीत," मी म्हणालो आणि मेंढीचं वय विचारलं.

"थोरल्या नातीच्या बारशाला जन्मलेली हाय ती. नातीला आवंदा तिसरं लागलं. लिवा दोन." मग म्हणाले, "भाऊस्नी म्हणावं, जत्रंला जेवायलाच या. लय दिस झालं."

"सांगतो."

दोन लिहिलं. मेंढी यादीत आली. निरोप द्यायला मी शेजारच्या खुर्चीकडे वळलो आणि "सिदू" म्हणालोसुद्धा. तो गेल्यापासून त्याचं नाव मी पहिल्यांदाच मोठ्याने घेतलं होतं.