टहरौलीची बस आणि दीदीजी

टहरौली गावची मुलगी नोकरीला आली की दीदीजी तिच्या सासूची मुलाखत घ्यायच्या. मुलीला दोन प्रश्न, सासूला दहा. "कामाला पोरगी येणार, पण तिला घराबाहेर पाठवणार सासूच ना," असं म्हणायच्या आणि सासूबाईंना चहा पाजूनच परत पाठवायच्या.

दीदीजी म्हणजे झाँसीतल्या आमच्या पंपांच्या कारखान्याच्या एचआर प्रमुख. घराणं इथलंच, जुनं मराठी. दिवसभर हिंदी नाहीतर बुंदेली बोलायच्या. मी त्यांच्या हाताखालची, रेल्वेतल्या मराठी माणसाची मुलगी, म्हणून माझ्याशी तेवढं दार लोटून मराठी. साहेब लोकांच्या लेखी एचआर म्हणजे वाढदिवसाचा केक, दिवाळीची मिठाई आणि रुसलेल्यांची समजूत. माझं डोकं फिरायचं. त्या हसायच्या. "मला घरची थोरली सून समजतात. समजू देत. घरात काय शिजतंय ते थोरल्या सुनेला सगळ्यांच्या आधी कळतं."

एकदा मात्र गाडं अडलं. टहरौलीच्या मुलींना आणणारी बस बंद करायचं घाटत होतं. बस नाही म्हणजे नोकरीही नाही. बैठकीची यादी मी केली आणि त्यात दीदीजींचं नावच घातलं नाही. मुद्दाम नव्हे हो. असल्या बैठकीत एचआरच्या बाई बसत नाहीत, हे माझ्याही अंगवळणी पडलं होतं. नाश्त्याच्या सोयीपुढे मात्र त्यांचं नाव लिहिलं होतं. त्यांनी कागद वाचला. "तुलाही सुचलं नाही ना," एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाश्त्यामागोमाग त्या आत गेल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मोठे साहेब म्हणत होते, "लड़कियाँ तो बच्चा होते ही चली जाती हैं।"

"साहब, पिछले साल जो छोड़कर गए, सबके नाम लाई हूँ। पढ़ दूँ?"

आणि वाचत सुटल्या. पोरांमागून पोरं, कुणी दिल्लीला गेलेला, कुणी गुजरातला. टहरौलीची मुलगी एकही नाही. साहेबांनी चहा तसाच ठेवला. बसला वर्षभराची मुदत मिळाली.

मुदत संपायच्या आत दीदीजी निवृत्त झाल्या. पुढच्या बैठकीत त्यांच्या जागी मी होते. बस कायम झाली. बाहेर येऊन मी तडक त्यांना फोन लावला.

"आत शिरलीस कशी?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"शिरले नाही, दीदीजी. यादीत नाव होतं. साहेबांनी बोलावलं होतं."

त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत मला एकदाही कुणी बोलावलं नाही."